सी-३३: कॅलिफोर्नियातल्या रंगकाम लायसनची तयारी

कॅलिफोर्नियात मजुरी आणि सामान मिळून हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचं रंगकाम घ्यायचं, तर कंत्राटदाराचं लायसन लागतं. २०२४ संपेपर्यंत ही मर्यादा पाचशे डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती हजार झाली, पण कामाला परमिट लागत नसेल आणि हाताखाली माणूस लावला नसेल तरच. मदतीला एक पोरगा घेतला की आठशेच्या कामालाही लायसन हवं. तीन हजारांच्या कामाची चार बिलं करून पळवाट काढता येत नाही, कायदा ते एकच काम धरतो. जुन्या गाइडांमध्ये अजून पाचशेच छापलेले आहेत, आणि तयारीतला पहिला घोळ तिथूनच सुरू होतो. पुस्तक उसनं मिळालं म्हणून वापरू नका, आधी त्याचं साल बघा.

लायसन देतं कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन बोर्ड, म्हणजे सीएसएलबी. रंगकामाचा वर्ग सी-३३, ‘पेंटिंग अँड डेकोरेटिंग’. आपल्याकडे रंगारी म्हटलं की लांबी, अस्तर आणि दोन हात एवढंच डोळ्यांसमोर येतं. सी-३३ च्या व्याख्येत वॉलपेपर, भिंतीवर चिकटवायचं कापड, टेक्स्चर, शेलॅक, व्हार्निश, मेण, सँडब्लास्टिंग, आगरोधक आणि पाणीरोधक लेप असं सगळं येतं. लायसनसाठी परीक्षा द्यावी लागते, आणि तिचे प्रश्नही त्या सगळ्यावर येतात. वर्षानुवर्षं फक्त घरांच्या भिंती रंगवलेला माणूस ट्रेडच्या, म्हणजे कारागिरीच्या, पेपरात वॉलपेपर आणि लोखंडावर गुण घालवतो.

महाराष्ट्रात रंगाऱ्याला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. सरकारी कामाला ठेकेदार म्हणून नोंदणी होते, ती कामाच्या रकमेच्या वर्गाप्रमाणे. त्यामुळे तिकडून आलेल्याला हे प्रकरण सुरुवातीला निव्वळ कागदी वाटतं. अर्धं तसं आहेही.

अर्ज

अट अशी की गेल्या दहा वर्षांत किमान चार वर्षं जर्नीमन पातळीवर काम केलेलं हवं. जर्नीमन म्हणजे कुणाच्या देखरेखीशिवाय पूर्ण काम करू शकणारा. मदतनीस म्हणून काढलेली वर्षं यात धरत नाहीत. अप्रेंटिसशिप किंवा तांत्रिक शिक्षणाबद्दल काही वर्षांची सूट मिळते, पण जास्तीत जास्त तीन वर्षांची. किमान एक वर्ष प्रत्यक्ष हातात ब्रश असायलाच हवा.

अनुभवाच्या फॉर्मवर ते काम स्वतः पाहिलेल्या माणसाने सही करायची असते: मालक, फोरमन, बरोबरीचा कारागीर, दुसरा कंत्राटदार, युनियनचा प्रतिनिधी, इमारत निरीक्षक, आर्किटेक्ट. अर्ज इथेच सर्वांत जास्त अडकतात. सही करणारा कामाच्या वर्णनात नुसतं ‘पेंटिंग’ लिहितो, किंवा ‘मदत केली’ असं लिहितो. त्याऐवजी बाहेरच्या स्टको (सिमेंटचा गिलावा) भिंतींची तयारी आणि स्प्रे, आतले ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), लाकडी ट्रिम, कॅबिनेट फिनिश, वॉलपेपर काढणं, मोजमाप आणि अंदाजपत्रक अशी कामांची नावं यायला हवीत. तारखा महिना आणि वर्षासकट हव्यात. एका फॉर्मवरची तारीख दुसरीवर चढली, तर ते पूर्णवेळ काम होतं की शनिवार-रविवारचं, हा प्रश्न येतो. बोर्ड पुढे पुरावाही मागू शकतं. पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म), करारांच्या प्रती आणि बिलं अर्जाआधीच एका फाइलीत लावून ठेवलेली बरी. अनुभव कॅलिफोर्नियातलाच हवा असं नाही, पण तो तपासता आला पाहिजे. रोखीने झालेल्या कामाचा कागद मागाहून उभा करता येत नाही.

अर्जाची फी ४५० डॉलर. अर्ज स्वीकारल्यापासून अठरा महिन्यांत दोन्ही पेपर पास व्हावे लागतात, नाहीतर अर्ज बाद होतो आणि फी नव्याने भरावी लागते.

दोन पेपर

पहिला ‘लॉ अँड बिझनेस’. हा सगळ्या कंत्राटदारांना सारखाच असतो, मग तो प्लंबर असो की रंगारी. दुसरा ट्रेडचा, म्हणजे सी-३३ चा. दोन्ही पीएसआय या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, संगणकावर, बहुपर्यायी, आणि सोबत पुस्तक नेता येत नाही. नापास झालात तर तीन आठवड्यांनी पुन्हा बसता येतं. पास होणाऱ्याला नुसतं ‘पास’ कळतं, गुण कळत नाहीत. नापास होणाऱ्याला मात्र विभागवार कुठे कमी पडलं ते कळतं. तो कागद नीट ठेवा, दुसऱ्या खेपेचं वेळापत्रक त्यावरूनच बनतं.

दोन्ही पेपरांची अभ्यास-पत्रकं बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कुठल्या विभागाला किती टक्के वजन आहे ते त्यात दिलेलं असतं. महागड्या क्लासची जाहिरात पाहण्याआधी ती दोन पत्रकं छापून घ्यावीत. कायद्याचं बोर्डाचं जाडजूड पुस्तकही संकेतस्थळावर वाचता येतं. ते पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बहुतेक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. पत्रकातला विभाग धरायचा आणि त्याच्याशी संबंधित तेवढंच उघडायचं.

माझ्या मते वेळेचे दोन भाग कायद्याला आणि एक भाग ट्रेडला द्यावा. कसलेल्या रंगाऱ्याला हे उलटं वाटतं. पण ट्रेडचा पेपर निम्मा हातात बसलेला असतो, कायद्याचं तसं काहीच नसतं.

कायद्याचे आकडे

कायद्याच्या पेपरात आकडे पाठ असावेच लागतात, आणि ते एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक आकडा कारणासकट लक्षात ठेवलेला बरा.

घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तीच घेता येते. सहा हजारांच्या कामाला सहाशे. अठरा हजारांच्या कामाला अठराशे नव्हे, हजारच. ‘रंग विकत घ्यायचा आहे’ म्हणून जास्त मागितलेलं चालत नाही, परीक्षेत हा पर्याय हमखास असतो. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या किमतीपेक्षा पुढे जाता कामा नयेत. ग्राहकाला करार रद्द करायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि ग्राहक ६५ किंवा त्याहून जास्त वयाचा असेल तर पाच.

दुसरा ढीग मेकॅनिक्स लीनचा. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा, पैसे थकले की कंत्राटदाराला घराच्या मालमत्तेवर हक्क नोंदवता येतो. त्याच्या मुदती अशा. उपकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस द्यायची. उशिरा दिली तर हक्क पूर्ण बुडत नाही, पण नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांपासून पुढच्या कामापुरताच उरतो. काम पूर्ण झाल्यावर लीन नोंदवायला ९० दिवस मिळतात. मालकाने पूर्णत्वाची नोटीस नोंदवली असेल तर मूळ कंत्राटदाराला ६० आणि उपकंत्राटदाराला ३०. लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही तर लीन निरुपयोगी. प्रश्न वाचताना आधी बघायचं की यातला माणूस कोण आहे: थेट मालकाशी करार केलेला, की त्याच्या हाताखालचा. मग नोटीस नोंदवली आहे का. या दोन गोष्टी कळल्या की उत्तर मिळतं, न कळता पाठ केलेला आकडा उपयोगाचा नाही.

मजुरीच्या नियमात कॅलिफोर्निया केंद्राच्या पुढे आहे. इथे जादा वेळ दिवसाच्या तासांवरही मोजतात: आठ तासांनंतर दीडपट, बारा तासांनंतर दुप्पट. तेरा तास काम झालं तर ८ अधिक ४ गुणिले १.५ अधिक १ गुणिले २, म्हणजे १६ तासांचा पगार. काढून टाकलेल्या कामगाराचा हिशेब त्याच क्षणी, न कळवता सोडून गेलेल्याचा ७२ तासांत. नवा कामगार घेतला की २० दिवसांत राज्याच्या रोजगार खात्याला (ईडीडी) कळवायचं. आणि सर्वांत फसवा प्रश्न: लायसन लागणारं काम बिनलायसनच्या माणसाला ‘सब’ म्हणून दिलं तर? कायदा त्याला तुमचा कामगार धरतो. विमा, कर, जादा वेळ सगळं तुमच्या गळ्यात.

बिनलायसन काम केलं तर ग्राहकावर पैशासाठी दावा लावता येत नाही, उलट ग्राहक दिलेले सगळे पैसे परत मागू शकतो, काम कितीही चांगलं झालेलं असो. या मुद्द्यावर वेगवेगळ्या वेशात प्रश्न येतो.

धंद्याच्या हिशेबात मार्कअप आणि मार्जिन यांची गल्लत होते. खर्च ४,००० आणि मार्कअप २५ टक्के, तर किंमत ५,०००. पण नफा किंमतीच्या २० टक्केच. किंमतीवर २५ टक्के नफा हवा असेल तर ४,००० भागिले ०.७५, म्हणजे ५,३३३ डॉलर. प्रश्नात ‘विक्रीच्या किती टक्के’ असं आहे की ‘खर्चाच्या’, त्या एका शब्दाखाली रेघ मारायची.

ट्रेड: तयारीचा क्रम

ट्रेडच्या पेपरात रंग लावण्यापेक्षा रंगाआधीच्या कामाला जास्त महत्त्व आहे. साइटवर जे चालून जातं ते इथे चुकीचं ठरतं. प्रश्न ‘सर्वप्रथम काय कराल’ असा असतो आणि चारही पर्याय करायच्याच गोष्टी असतात.

उदाहरण लाकडाचं. क्रम असा: धुणं आणि वाळवणं, सुटलेले पोपडे खरवडणं, कडा घासून मिळवणं, उघड्या लाकडावर अस्तर, त्यानंतर खिळ्यांच्या भोकांत लांबी आणि सांध्यांत कॉक (फटी बुजवायचा लवचीक मसाला), पुन्हा हलकी घासाई, लांबीवर टच-अप अस्तर, मग फिनिशचे हात. आपल्याकडचे बरेच कारागीर आधी लांबी भरतात. कोऱ्या लाकडावर लांबी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं, लांबी कोरडी पडते, आकसते आणि वर्षभरात गळते. म्हणून अस्तर आधी. लाकडातली ओल १५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं. रेडवुड आणि सिडारमधून टॅनिन पाझरतं आणि पांढऱ्या फिनिशवर तपकिरी डाग उमटतात. त्याला डाग अडवणारं अस्तर लागतं. फिनिशचे जास्त हात मारून ते थांबत नाही.

काळे डाग बुरशीचे की धुळीचे, हे कळायला घरगुती ब्लीचचा एक थेंब टाकतात. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, नाहीतर मळ. धुताना एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. जुना रंग तेलाचा की पाण्याचा, हे डिनेचर्ड अल्कोहोलच्या फडक्याने घासून पाहतात: लेटेक्स मऊ होऊन फडक्याला लागतो, तेलाचा तसाच राहतो. जुन्या रंगावर तळहात फिरवला आणि पांढरी भुकटी लागली तर त्यावर थेट रंग टिकणार नाही.

स्टको हा कॅलिफोर्नियाचा खास विषय. नव्या गिलाव्याला साधारण २८ ते ३० दिवस मुरू द्यायचं, कारण त्यातला क्षार रंगातलं तेल आणि रंगद्रव्य खातो. थांबायला वेळ नसेल तर क्षाररोधक अस्तर. लोणा लागलेला असेल तर पहिलं उत्तर ‘धुणं’ नसतं. धुतल्याने मीठ विरघळून परत आत जातं. आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, मग कोरड्या ब्रशने झाडायचं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तेलाचा रंग का सुटतो? जस्त आणि तेलातली आम्लं मिळून साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांनी रंग चादरीसारखा निघतो. म्हणून त्यावर ॲक्रिलिक अस्तर, आणि नवा पत्रा असेल तर आधी कारखान्यातलं तेल धुऊन काढायचं. लोखंडासाठी एसएसपीसी या संस्थेचे सफाईचे दर्जे येतात: एसपी-१ सॉल्व्हंटने सफाई, एसपी-२ हाताने, एसपी-३ मशीनने, एसपी-६ कमर्शियल ब्लास्ट, एसपी-१० जवळजवळ पांढरा धातू, एसपी-५ पूर्ण पांढरा. आकडा वाढला म्हणजे सफाई जास्त असं नाही. पाच हा दहापेक्षा कडक आहे, आणि परीक्षक तिथेच पकडतो.

रंगाचे दोष ओळखायलाही सांगतात. फोड आला आणि फोडून पाहिल्यावर खाली लाकूड दिसलं तर ओल आतून येतेय. खाली जुना रंग दिसला तर उन्हात किंवा ओलसर पृष्ठभागावर मारलेला हात. मगरीच्या कातडीसारख्या भेगा म्हणजे मऊ थरावर कडक थर चढवलेला, किंवा खालचा हात वाळण्याआधी वरचा मारलेला. ड्रायवॉलच्या सांध्यांवर पट्टे दिसणं म्हणजे अस्तर न मारल्याने कंपाउंड (सांधे भरायची लांबी) आणि तक्त्यावरचा कागद यांनी रंग वेगवेगळा शोषलेला. चकचकीत रंगाखाली ड्रायवॉल पाचव्या दर्जाचा, म्हणजे अख्ख्या भिंतीवर कंपाउंडचा पातळ थर दिलेला हवा.

बाहेर रंगवताना हवेपेक्षा भिंतीचं तापमान महत्त्वाचं. ते दवबिंदूपेक्षा किमान ५ अंश फॅरनहाइट वर असायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या धुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी मारलेला हात पहाटे दवाने बिघडतो, ते याचमुळे.

मोजमाप

गॅलन म्हणजे २३१ घन इंच. हे पसरवून एक मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाडीचा थर केला तर १,६०४ चौरस फूट होतात. हा एक आकडा पाठ असला की अर्धं गणित सुटतं.

आवरण म्हणजे १,६०४ गुणिले घन भागाचं (रंग वाळल्यावर उरणाऱ्या भागाचं) प्रमाण, भागिले वाळलेल्या थराची जाडी. डब्यावर घन भाग आकारमानाने ४० टक्के आणि वाळलेला थर १.५ मिल हवा असेल, तर ६४१.६ भागिले १.५, साधारण ४२८ चौरस फूट प्रति गॅलन. वाया जाणं १५ टक्के धरलं की साधारण ३६४. उलट्या दिशेने: ४०० चौरस फुटांना एक गॅलन लावला तर ओला थर ४ मिल आणि वाळल्यावर ४ गुणिले ०.४०, म्हणजे १.६ मिल. डब्यावर घन भाग वजनाने आणि आकारमानाने असे दोन्ही दिलेले असतात. गणितात आकारमानाचाच घ्यायचा. लिटरच्या हिशेबाची सवय असणाऱ्यांनी १ गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर एवढं ध्यानात ठेवावं. ४०० चौरस फूट प्रति गॅलन म्हणजे लिटरला साधारण १०६.

खोलीचं गणित असं येतं: १२ बाय १४ फूट, उंची ८, दोन दारं ३ बाय ७, दोन खिडक्या ३ बाय ५. परिघ ५२, भिंती ४१६ चौरस फूट. उघडी जागा ४२ आणि ३०, म्हणजे ७२. उरले ३४४. दोन हात, ६८८. गॅलनला ३५० धरलं तर १.९७, म्हणून दोन गॅलन. छत १६८ वेगळं, प्रश्नात मागितलं तरच. ‘दोन हात’ हे शब्द प्रश्नाच्या शेवटी दडवलेले असतात आणि पर्यायांत एक हाताचं उत्तरही ठेवलेलं असतं. तिकोनी गेबल ३० फूट रुंद, ८ फूट उंच असेल तर अर्धं करायला विसरायचं नाही: १२० चौरस फूट.

वॉलपेपरचं मोजमाप निराळं. अमेरिकेत किंमत सिंगल रोलची सांगतात पण विकतात डबल रोल, साधारण ५६ चौरस फुटांचा. नक्षी जुळवण्यात कागद जातो, म्हणून नुसत्या क्षेत्रफळाने भागाकार केला तर कमी पडतो. आधी एका रोलमधून भिंतीच्या उंचीच्या किती पट्ट्या निघतात ते काढायचं, मग पट्ट्यांनी भागायचं. लावताना पहिली पट्टी ओळंब्याने. कोपरा ओळंब्यात असेलच याची खात्री धरायची नाही. आतल्या कोपऱ्यात पट्टी अर्धा इंचच वळवायची, पुढची पट्टी नव्या ओळंब्याने.

स्प्रे आणि शिडी

एअरलेसच्या (हवेशिवाय दाबाने रंग फवारणाऱ्या मशीनच्या) टिपवरचा आकडा वाचता आलाच पाहिजे. ५१७ मध्ये पहिल्या ५ ची दुप्पट, म्हणजे १० इंच पंखा (फवाऱ्याची रुंदी), टिप भिंतीपासून १२ इंचांवर धरल्यास. शेवटचे दोन अंक म्हणजे भोक इंचाच्या ०.०१७. भिंतीच्या लेटेक्सला ०.०१५ ते ०.०१९, लॅकरला ०.००९ ते ०.०१३. भोक झिजून मोठं झालं की पंखा आखूड होतो आणि रंग जास्त जातो, ओघळ येतात.

टिपमधून निघणारा रंग कातडीत शिरला तर जखम टाचणीएवढी दिसते आणि दुखत नाही. हा शस्त्रक्रियेचा तातडीचा प्रसंग आहे. धुऊन पट्टी बांधणं हे चुकीचं उत्तर. थेट इस्पितळ, आणि डॉक्टरांना ‘इंजेक्शन इजा’ असं स्पष्ट सांगायचं. टिप साफ करण्याआधी मशीन बंद, ट्रिगर लॉक, प्राइम व्हॉल्व्ह उघडून दाब सोडणं, मग गन बादलीत दाबून उरलेला दाब काढणं.

शिडी चारास एक: २० फूट उंचीला पाया भिंतीपासून ५ फूट, आणि वर उतरायच्या जागेच्या ३६ इंच पुढे. परांचीला कठडा केंद्रीय नियमांत १० फुटांवर, कॅलिफोर्नियात साडेसात फुटांवर. दुसऱ्या राज्यात काम केलेले इथेच चुकतात. उन्हाच्या नियमात ८० अंश फॅरनहाइटला सावली आणि ९५ ला जास्तीची काळजी. पाणी माणशी ताशी एक क्वार्ट (साधारण एक लिटर). अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर स्वतःहून पेट घेतात: पाणी भरलेला, घट्ट झाकणाचा धातूचा डबा.

शिसं

१९७८ च्या आधी बांधलेल्या घरात शिशाचा रंग आहे असंच धरून चालायचं, चाचणीने नाही म्हणेपर्यंत. केंद्राच्या आरआरपी (जुन्या घरांच्या दुरुस्ती आणि रंगकामाच्या) नियमांत खोलीत ६ चौरस फूट आणि बाहेर २० चौरस फूट यापेक्षा जास्त रंग हलवला जाणार असेल तर प्रमाणित फर्म आणि प्रमाणित माणूस हवा. हे प्रमाणपत्र सी-३३ पेक्षा वेगळं. आत कामाच्या जागेपासून ६ फूट प्लास्टिक, बाहेर १० फूट. उघडी ज्योत आणि ११०० अंश फॅरनहाइटच्या वरची हीट गन वर्ज्य. हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम न जोडता मशीनने घासणंही वर्ज्य. नोंदी तीन वर्षं ठेवायच्या.

कामगारांच्या हवेतल्या शिशाची मर्यादा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणि कृतीपातळी (जिच्यापुढे मोजणी आणि तपासण्या सुरू कराव्या लागतात) ३० वरून २ वर आली. जुन्या पुस्तकात अर्थातच जुने आकडे आहेत. भारतातही घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आहे, पण जुन्या थराचं काय करायचं याचा असा तपशीलवार नियम रंगाऱ्याच्या कानावर क्वचितच पडलेला असतो. या विभागाला वेळ द्यावा, परीक्षेपलीकडेही छातीत जाणारी धूळ आपलीच असते.

पेपराच्या दिवशी आणि नंतर

अवघड गणितं खूण करून मागे ठेवायची, आधी क्रमाचे आणि नियमांचे प्रश्न उरकायचे. दोन पर्याय बरोबर वाटले तर ‘उत्पादकाच्या डेटा शीटप्रमाणे’ असं म्हणणारा पर्याय बहुधा खरा. ‘मी तर नेहमी असंच करतो’ हे मनात आलं की थांबून पुन्हा वाचायचं.

दोन्ही पेपर पास झाले म्हणजे लायसन हातात आलं असं नाही. लाइव्ह स्कॅन यंत्रावर बोटांचे ठसे, २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमीपत्र (२०२३ च्या आधी १५,००० होता), ॲस्बेस्टॉसची पुस्तक उघडून द्यायची छोटी परीक्षा, आणि एकट्या मालकाला २०० डॉलर लायसन फी. बाँडची पूर्ण रक्कम भरायची नसते, हमी कंपनीला प्रीमियम जातो. तो ग्राहकाच्या संरक्षणासाठी असतो, तुमच्या नाही. बाँडमधून पैसे दिले गेले तर कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते. कामगार नसतील तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनमधून (कामगारांच्या इजेच्या विम्यातून) सूट मागण्याचा फॉर्म भरता येतो. सध्याच्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०२८ पासून सगळ्याच वर्गांना हा विमा सक्तीचा होणार आहे.

लायसन दोन वर्षांचं असतं. नंबर मिळाला की तो करारावर, व्हिजिटिंग कार्डावर, जाहिरातीत आणि गाडीवर छापून घ्यायचा. जाहिरातीत नंबर नसणं हाही दंडाचा गुन्हा आहे.